अर्धे विणलेले घरटे

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत पालकांची वर्दळ सुरू होते. कोणी पेढे घेऊन येतात, कोणी दाखला न्यायला येतात. पण बहुतेकांच्या ओठांवर एकच प्रश्न असतो, "सर, आता पोराला कुठे घालू?" मी इतिहास शिकवणारा माणूस. जुन्या गोष्टी सांगू शकतो, पुढचे भविष्य सांगू शकत नाही. तरीही पालक विश्वासाने विचारतात आणि मी माझ्या बुद्धीप्रमाणे उत्तर देतो.

अशाच एका दिवशी आखातातून सुट्टीवर आलेले एक पालक माझ्यासमोर बसले होते. त्यांच्या मुलाला एक वेगळाच नाद आहे. आजूबाजूच्या गावांतील कब्रस्तानांत, मशिदींच्या आवारात आणि पडक्या वाड्यांत जिथे कुठे अक्षरे कोरलेला दगड दिसेल, तिथे हा मुलगा वही घेऊन बसतो. अक्षरे जशीच्या तशी उतरवून घेतो. पुढे जाऊन आपण जुने शिलालेख वाचणार, असे त्याने घरी सांगून टाकले आहे. वडील म्हणाले, "सर, पोरगा वाईट नाही. पण कबरींवरची अक्षरं वाचून पोट भरतं का? तुम्हीच सांगा."

त्या वेळी मला चटकन उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मात्र विचार करता करता एका माणसाची आठवण झाली. त्यालाही त्याच्या तरुणपणी असाच प्रश्न विचारता आला असता. "पाखरं बघून पोट भरतं का?" त्या माणसाचे नाव डॉ. सलीम अली. त्यांच्या नावामागची पदके व पदव्या आपल्याला ठाऊक असतात. पण वयाची तिशी उलटून गेली तरी हा माणूस घरच्यांना दाखवण्याजोगे फारसे काही कमावू शकला नव्हता, ही गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात तीच गोष्ट सांगायची आहे. ती विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तितकीच पालकांसाठीही आहे.

खेतवाडीतील पोरका मुलगा

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. या पोरक्या भावंडांना त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी गिरगावाजवळच्या खेतवाडीत आपल्या घरी वाढवले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते, पण घर मुलांनी भरलेले होते.

तय्यबजी घराण्याचा लौकिक आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १८८७ साली मद्रास येथे काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेची पायाभरणी करणाऱ्यांतही ते अग्रभागी होते. व्यापार, वकिली, न्यायासन, सरकारी अधिकार अशा सर्व वाटांवर या घराण्यातील माणसांनी नाव कमावले होते. अशा घरात वाढणाऱ्या मुलाकडून कोणत्या अपेक्षा असतील, हे सांगण्याची गरज नाही. बॅरिस्टर व्हावे, अधिकारी व्हावे, निदान व्यापारात तरी चमकावे. पाखरांच्या मागे फिरणे हा त्या काळी सुट्टीतला शौक होता. तो पोटापाण्याचा उद्योग होऊ शकतो, हे कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

एका चिमणीचा प्रश्न

मामा स्वतः शिकारीचे शौकीन होते. घरातील मुलांच्या हाती छर्‍यांची बंदूक असे आणि लहानग्या सलीमचा नेम चिमण्यांवर चाले. मारलेली चिमणी हलाल करून खाल्ली जाई. सलीम दहा-बारा वर्षांचे असताना एके दिवशी त्यांच्या हाती एक वेगळीच चिमणी आली. तिच्या गळ्याखाली हळदीचा डाग लागावा तशी पिवळी खूण होती. ही नेहमीची चिमणी नव्हे. मग ही खायला चालेल की नाही? मुसलमान घरातील मुलाला पडावा असाच हा साधा प्रश्न होता. तो घेऊन सलीम मामांकडे गेले.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटते. मामांना त्या पक्ष्याची ओळख पटली नाही. "असेल कसली तरी चिमणी, जा खेळायला," असे म्हणून ते मुलाला घालवू शकले असते. आपल्यापैकी कितीजण रोज हेच करतात! मामांनी तसे केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था पशुपक्षी व वनस्पती यांचा अभ्यास करी. मामांनी संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि मुलाला त्यांच्याकडे पाठवले.

राज्य इंग्रजांचे, अधिकारी इंग्रज आणि दारात उभा एक बुजरा हिंदी मुलगा. हातात कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी. पण मिलार्ड यांनी त्याला आपुलकीने आत घेतले. पक्षी पाहताच ही पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले. मग कपाटे उघडून, खण ओढून, पेंढा भरून जतन केलेले पक्षी एकामागून एक दाखवले. हिंदुस्थानात चिमण्यांच्याच इतक्या जाती असतील, याची त्या मुलाला कल्पनाही नव्हती. मिलार्ड यांनी त्याला वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांची कातडी कशी जतन करावी, नोंद कशी ठेवावी, हे शिकण्याचीही सोय करून दिली.

पुढे १९८५ साली सलीम अलींनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या नावातही त्या चिमणीलाच स्थान दिले. एका मुलाचा प्रश्न, एका मामाची चिठ्ठी आणि एका अधिकाऱ्याचा अर्धा तास, एवढ्या भांडवलावर पुढचे सर्व उभे राहिले. चिठ्ठी लिहिताना मामांना काय ठाऊक, की आपण भाच्याचे आयुष्य लिहीत आहोत!

नापसंतीची वर्षे

ही गोष्ट इथेच संपली असती तर ती गोड झाली असती. पण खरी झाली नसती. मिलार्ड यांनी कपाटे उघडली म्हणून शाळेतले गणित सोपे झाले नाही. सलीम अभ्यासात हुशार म्हणून कधीच गाजले नाहीत. तेराव्या वर्षी डोकेदुखीने इतके हैराण केले, की कोरडी हवा मानवेल म्हणून त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवावे लागले. शाळेत खंड पडला. १९१३ साली ते मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले. सेंट झेविअर्स कॉलेजात नाव घातले, पण पहिलेच वर्ष इतके जड गेले की त्यांनी कॉलेज सोडले.

आता घरच्यांच्या बाजूने पाहा. आईबाप नसलेला मुलगा, घराणे मोठे, आणि हा कॉलेज सोडून बसला. तेव्हा उपाय ठरलेला होता. कुटुंबाचा ब्रह्मदेशात तव्हॉय येथे वुल्फ्रॅमच्या खाणीचा व लाकडाचा व्यवसाय होता. तिकडे त्यांची रवानगी झाली. आपल्या कोकणातले मुलगे जसे मुंबईला, बोटीवर किंवा आखातात पाठवले जातात, तसेच हे. "काम अंगावर पडले की डोके ताळ्यावर येईल," ही वडीलधाऱ्यांची जुनी श्रद्धा आहे आणि ती अगदीच चुकीची आहे असे नाही.

पण तव्हॉयच्या भोवताली घनदाट जंगल होते. ज्याला पाखरांपासून दूर न्यायचे, त्याला नेऊन ठेवले पाखरांच्याच मुलखात! खाणीच्या हिशेबापेक्षा सलीमचे लक्ष रानाकडे अधिक राहिले. तिथल्या वनखात्यातील जाणत्या अधिकाऱ्यांच्या ओळखी झाल्या आणि रान वाचण्याची त्यांची नजर तयार झाली. व्यापारी म्हणून मात्र ते तयार झाले नाहीत.

१९१७ साली ते मुंबईला परतले. इथे त्यांनी एक गोष्ट केली, ती प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी. घरच्यांच्या समाधानासाठी आणि पोटाच्या सोयीसाठी त्यांनी दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा व हिशेबशास्त्र शिकायला सुरुवात केली. पण सेंट झेविअर्सचे फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी या मुलाची खरी ओढ ओळखली होती. त्यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. तेव्हा सलीम सकाळी दावर्समध्ये हिशेब शिकत आणि त्यानंतर झेविअर्समध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसत. एकाच दिवसात दोन्ही. स्वप्नासाठी घरच्यांशी भांडण नाही आणि घरच्यांसाठी स्वप्नाला रामराम नाही. मात्र मेहनत दुप्पट.

डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा विवाह दूरच्या नात्यातील तहमीना यांच्याशी झाला. त्याच सुमारास पहिले महायुद्ध संपले. युद्धात पोलाद कणखर करण्यासाठी वुल्फ्रॅमला मोठी मागणी होती. युद्ध थांबताच ती मागणी ओसरली आणि भाव कोसळले. ब्रह्मदेशातील धंदा सावरला नाही. तरुण जोडप्याच्या हाती व्यापार उरला नाही आणि नोकरीही मिळेना. सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली होती, पण सलीम अलींकडे विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे तीही मिळाली नाही. पक्ष्यांविषयी काय येते हे पाहायच्या आधी कागद पाहिला गेला आणि कागद नव्हता.

पालक बंधू-भगिनींनो, या टप्प्यावर तुमच्या घरी असा मुलगा असता तर तुम्ही काय म्हटले असते? मी स्वतः आज तिशी ओलांडलेला आहे. माझ्याच घरी, मी बी. ए. ला इतिहास घेतला तेव्हा, "राजे मेले, तू त्यांच्यामागे का मरतोस?" असे ऐकावे लागले होते. तेव्हा सलीम अलींच्या नातेवाइकांना त्यांची काळजी वाटत असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. तोवर समोर आलेला पुरावा काळजी करणाऱ्यांच्याच बाजूचा होता.

मिळाले आणि पुन्हा गेले

१९२६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांना मनाजोगी पहिली नोकरी मिळाली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञानाचे नवे दालन सुरू झाले होते. तिथे येणाऱ्या लोकांना व विद्यार्थ्यांना माहिती देणारे गाइड-लेक्चरर म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार दरमहा ३५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. घरचे म्हणाले असतील, चला, गाडी रुळावर आली.

पण दोन वर्षांतच सलीम अलींना उमगले की आपले ज्ञान छंदाचे आहे, शास्त्राचे नाही. १९२८ साली त्यांनी अभ्यासासाठी रजा घेतली आणि जर्मनीची वाट धरली. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रोफेसर एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली ते पक्षिशास्त्र शिकले. पक्ष्याच्या पायात कडी घालून त्याच्या प्रवासाचा माग कसा काढावा, हे त्यांनी हेलिगोलंड बेटावरील केंद्रात पाहिले. स्ट्रेसेमान यांना ते आयुष्यभर आपले गुरू मानत.

१९३० साली ते मोठ्या उमेदीने परत आले. मुंबईत वार्ता तयारच होती. पैशाअभावी म्युझियममधील त्यांची जागा रद्द करण्यात आली होती. वय चौतिशीकडे झुकलेले, परदेशात शिकून आलेले, आणि पुन्हा बेकार.

किहीमचा पावसाळा

मुंबईत बिनपगारी राहणे परवडणारे नव्हते. तेव्हा सलीम आणि तहमीना आपल्या रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या किहीम या गावी येऊन राहिले. आज पुण्या-मुंबईची माणसे किहीमला समुद्र पाहायला येतात. त्या वेळी ते नारळी-पोफळीतले एक शांत गाव होते. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती आणि पावसाळा हा त्यांच्या विणीचा हंगाम. नोकरी नसलेल्या माणसाकडे एकच श्रीमंती असते, ती म्हणजे वेळ. सलीम अलींनी तो वेळ त्या घरट्यांसमोर बसून खर्च केला.

सुगरणीचा खोपा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीच्या झावळीला तो टांगलेला असतो. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे तर तो मराठी घराघरांत पोहोचला. नाव स्त्रीचे असले तरी हा खोपा विणतो नर. भाताच्या, उसाच्या पातीच्या व झावळ्यांच्या बारीक चिरफळ्या काढून तो विणकाम करतो. पण तो घरटे पूर्ण करीत नाही. अर्धे झाले, शिरस्त्राणासारखा आकार आला, की तो पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, त्या अर्ध्या घरट्यात शिरते आणि त्याची बारकाईने तपासणी करते. पसंत पडले तर ती तिथे संसार मांडते आणि मग नर उरलेले विणकाम, ये-जा करण्याची लांब नळी, पुरी करतो. पसंत पडले नाही तर ते घरटे तसेच लोंबकळत राहते.

एका मादीने अंडी घातली की तोच नर शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. या पक्ष्यांचे असे एकामागून एक चालणारे संसार सलीम अलींनी दिवसच्या दिवस टिपून ठेवलेल्या नोंदींवरून उलगडून दाखवले. कोणत्या घरट्यात कोण आले, कधी आले, केव्हा गेले, याची ती नोंद होती. हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जाणत्या मंडळींचे लक्ष त्याकडे वेधले गेले. प्रयोगशाळा नाही, पगार नाही, हुद्दा नाही. एक वही, एक दुर्बीण आणि कोकणचा पाऊस. एवढ्यावर या 'बेकार' माणसाने आपले पहिले मोठे काम उभे केले.

मला नेहमी वाटते, या सुगरणीच्या घरट्यात आपल्या घरांचीही गोष्ट आहे. तरुण मुलाचे स्वप्न म्हणजे अर्धे विणलेले घरटे. तो उत्साहाने पंख फडफडवून सांगतो, "पाहा, मी काय करतो आहे!" घरची माणसे शंकेने पाहतात. ही शंका म्हणजे वैर नव्हे. अंडी त्या घरट्यात ठेवायची आहेत, वादळवारा त्याला सोसायचा आहे, म्हणून आत शिरून तपासावेच लागते. पण सुगरणीची मादी दुरून नाक मुरडत नाही. ती आधी घरट्यात येते आणि मग ठरवते.

तहमीनांचा विश्वास

सलीम अलींच्या घरट्यात प्रथम कोणी पाऊल टाकले असेल तर ते तहमीना यांनी. शहरातील सुखसोयीत वाढलेल्या या स्त्रीने पतीच्या बेकारीचा बोभाटा केला नाही. उलट पुढे सर्वेक्षणाच्या तंबूंत, रानावनांत त्या त्यांच्यासोबत राहिल्या आणि मुक्कामाची व्यवस्था सांभाळली. पतीच्या लिखाणावर त्यांनी डोळसपणे लक्ष ठेवले.

ही सर्वेक्षणे सलीम अलींनी मोठ्या हिकमतीने मिळवली. देशातील अनेक संस्थानांत कोणते पक्षी आहेत, याची पद्धतशीर नोंद झालेली नव्हती. त्यांनी कळवले, की मला पगार नको. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या, मी काम करून देतो. हैदराबाद संस्थानाने हे मान्य केले आणि १९३१ साली तिथले काम सुरू झाले. आजचा आपला मराठवाडा त्या वेळी याच संस्थानात होता. पुढे १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीनचे काम आले आणि त्यानंतर आणखी प्रदेश. नोकरी कोणी देईना, तेव्हा या माणसाने आधी काम निर्माण केले आणि कामातून आपली जागा निर्माण केली.

याच काळातील एक प्रसंग मोठा बोलका आहे. ह्यू व्हिसलर हे हिंदुस्थानातील पक्ष्यांवरचे नामवंत इंग्रज जाणकार. भृंगराज पक्ष्याच्या शेपटीतील दोन लांब पिसांच्या टोकाशी पानासारखी पाती असतात. त्या पात्यांच्या रचनेविषयी व्हिसलर यांनी लिहिलेली माहिती चुकीची आहे, असे सलीम अलींनी छापून दाखवून दिले. पिसाचा दांडाच पिळलेला असल्यामुळे पाहणाऱ्याला तसा भास होतो, असे त्यांचे म्हणणे होते. एका अपरिचित हिंदी माणसाने आपली चूक काढावी, याचा व्हिसलर यांना प्रथम राग आला. पण त्यांनी आपल्याकडचे नमुने पुन्हा तपासले, चूक मान्य केली आणि पुढे ते सलीम अलींचे स्नेही व सहकारी झाले. घरच्यांच्या शंकेला आणि परक्यांच्या तुच्छतेला दोन्हींना एकच उत्तर चालते. ते म्हणजे बिनचूक काम.

१९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तहमीना अचानक वारल्या. सलीम अली खचून गेले. या दुःखाच्या काळात त्यांना आसरा दिला तो बहीण कामू आणि मेहुणे यांच्या घराने. कुटुंबाविषयी बोलताना ही गोष्टही सांगितली पाहिजे. ज्या घराला मुलाच्या मार्गाची शंका असते, तेच घर संकटात त्याच्यासाठी दार उघडते.

दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे त्यांचे पुस्तक निघाले. रंगीत चित्रे आणि सोपी भाषा यांमुळे सामान्य माणसाच्या हाती पक्ष्यांची ओळख आली. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. मात्र ज्या व्यक्तीने सर्वांच्या आधी विश्वास ठेवला, ती हे पाहायला उरली नव्हती. इतिहास शिकवताना मला अनेकदा जाणवते, की यशाच्या तारखा पुस्तकात राहतात आणि विश्वासाच्या तारखा कोणी लिहून ठेवत नाही.

उशिरा आलेला निकाल

पुढचा वृत्तान्त सर्वांना ठाऊक असल्यामुळे तो थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी टिकवण्यात आणि वाढवण्यात सलीम अलींचा मोठा वाटा होता. लहानपणी चिमणी घेऊन ज्या संस्थेच्या दारात ते बुजून उभे राहिले, तिचेच ते आधारस्तंभ झाले. डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड निघाला तेव्हा त्यांचे वय ७७ होते.

१९५८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७६ साली पद्मविभूषण. १९६७ मध्ये ब्रिटिश पक्षितज्ज्ञांच्या संघटनेने त्यांना सुवर्णपदक दिले. ब्रिटिश नसलेल्या व्यक्तीला मिळालेले ते पहिलेच. पदवी नाही म्हणून ज्यांना नोकरी नाकारली गेली, त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ साली सन्मान्य डॉक्टरेट दिली. जे. पॉल गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी स्वतःसाठी ठेवली नाही, निसर्गरक्षणाच्या कामासाठी देऊन टाकली. १९८५ साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, ते अल्लाला प्यारे झाले. त्यांच्या जन्मदिवसाची आठवण ठेवून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो.

आपण काय घ्यावे?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. सलीम अलींच्या मागे एक सधन घराणे होते. नोकरी गेली तरी चूल विझली नाही. आपल्या बहुतेक मुलांच्या मागे असा आधार नसतो. आखातात घाम गाळणाऱ्या बापाने पाठवलेल्या ड्राफ्टवर ज्यांचे घर चालते, त्यांना "स्वप्नाच्या मागे जा, बाकीचे अल्ला पाहून घेईल" असे सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. म्हणून मी मुलांना किहीमची गोष्ट सांगण्यापूर्वी दावर्स कॉलेजची गोष्ट सांगतो. सकाळी हिशेब, नंतर प्राणिशास्त्र. पोटाची विद्या टाकू नका आणि मनाची विद्याही टाकू नका. दोन्हींना वेळ पुरत नसेल तर झोप थोडी कमी करा.

विद्यार्थी मित्रांनो, आशावादी असणे सोपे आहे. "मी करून दाखवीन" हे वाक्य कोणीही म्हणू शकतो. घरच्यांना वाक्य दाखवू नका, काम दाखवा. अर्धे असले तरी चालेल, पण ते नीट विणलेले असावे. सलीम अलींनी नातेवाइकांशी वाद घालून काही सिद्ध केले नाही. त्यांनी वह्या भरल्या.

आणि पालकांनो, तुम्ही शंका जरूर घ्या. तो तुमचा हक्क आहे आणि कर्तव्यही. पण निकाल देण्यापूर्वी एकदा घरट्यात शिरून पाहा. तुम्हाला उत्तर येत नसेल तर मामांप्रमाणे एक चिठ्ठी लिहा. ज्याला उत्तर येते, त्याच्या दारापर्यंत मुलाला पोहोचवा. त्याला फार पैसे लागत नाहीत.

लेखाच्या सुरुवातीला ज्या पालकांचा उल्लेख केला, ते पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. मी त्यांना उपदेश केला नाही. मुलाकडून ती वही मागवून घेतली आणि त्यांच्यासमोर ठेवली. प्रथम ते नाइलाजाने पाने उलटत होते. मग एका पानावर थांबले. खिशातून चष्मा काढला. बराच वेळ पाहून मुलाला म्हणाले, "इथं चुकलास तू. हा दगड त्यांचा नाही, त्यांच्या धाकट्या भावाचा. माझी आजी सांगायची." मुलगा लगेच पेन्सिल घेऊन बाजूला बसला आणि दोघेही वहीवर वाकले.

त्या मुलाने अकरावीला वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला आहे. वही चालूच आहे. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. घरटे अजून अर्धेच आहे. पण त्याचे वडील एकदा आत येऊन पाहून गेले आहेत. आपल्या समाजातील प्रत्येक मुलामुलीच्या वाट्याला अशी एक तपासणी आणि अशी एक चिठ्ठी यावी, हीच अल्लापाशी दुआ करून लेखणी खाली ठेवतो.